मात्रा आणि वाटा : देहसुखाचे धर्मातील स्थान

देह हा साधकाच्या वाटेतील अडथळा आहे की त्या वाटेवरचे वाहन आहे, हा प्रश्न भारतीय धर्मविचारात फार जुना असून त्याची दोन्ही उत्तरे पुष्कळदा एकाच ग्रंथात शेजारी शेजारी आढळतात. समर्थ रामदासांच्या दासबोधात पहिल्या दशकाचा दहावा समास नरदेहाच्या स्तवनाला वाहिलेला आहे आणि परमार्थ साधण्याची संधी म्हणून मानवी देहाचा त्यात गौरव केला आहे. तिसऱ्या दशकाचा आरंभ मात्र जन्मदुःखाच्या निरूपणाने होतो आणि तेथे तोच देह अमंगळ व दुःखाचे मूळ म्हणून वर्णिलेला दिसतो. कालिदासाच्या कुमारसंभवातील पाचव्या सर्गात ब्रह्मचाऱ्याच्या वेषाने आलेला शिव तपस्विनी पार्वतीला विचारतो की तिचे तप शरीराच्या शक्तीला धरून चालले आहे ना, कारण धर्माचरणाचे पहिले साधन शरीरच होय. देह साधन आहे एवढे मान्य केले, तरी पुढचा आणि अधिक अवघड प्रश्न उरतोच. अंगाला लावलेले तेल, उन्हाळ्यातील गार ओटी, थंडीतील ऊबदार अंथरूण, आजाऱ्याची शुश्रूषा, तालमीतील मेहनत आणि गावाने मिळून खेळलेला खेळ या गोष्टी धर्मात खरोखर बसतात, की मनुष्याच्या दुर्बलतेला धर्माने दिलेली ती केवळ सवलत आहे? जुन्या समाजाने या प्रश्नाचे उत्तर तत्त्वग्रंथांत जेवढे दिले, त्याहून अधिक आपल्या दिनक्रमात, सणांत आणि खेळांत दिले. म्हणून ते उत्तर समजून घेण्यासाठी ग्रंथ आणि घर दोन्हीकडे पाहावे लागते.

आयुर्वेदाने या बाबतीत घेतलेली भूमिका स्पष्ट आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात मनुष्याच्या तीन एषणा, म्हणजे तीन मूलभूत ओढी, सांगितल्या आहेत: प्राणैषणा ही जगण्याची, धनैषणा ही निर्वाहसाधनांची आणि परलोकैषणा ही मरणोत्तर कल्याणाची. यांत प्राणैषणेला पहिले स्थान देण्याचे कारणही चरकाने दिले आहे, ते असे की प्राण गेले की सर्वच गेले. त्याच अध्यायात आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ, म्हणजे घराला आधार देणाऱ्या खांबांसारखे आधार, म्हटले आहे. येथे झोपेसारखी साधी आणि सर्वांना सारखी लागणारी गोष्ट ब्रह्मचर्यासारख्या व्रताच्या पंक्तीला बसवलेली आहे, आणि यावरून शरीराच्या स्वाभाविक गरजांकडे हीनतेने पाहण्याची वृत्ती या शास्त्राला मान्य नव्हती हे उघड होते.

या विचाराची अधिक रेखीव मांडणी सुमारे सातव्या शतकातील वाग्भटाच्या अष्टांगहृदयात मिळते. सूत्रस्थानातील दुसरा अध्याय दिनचर्येचा, म्हणजे निरोगी माणसाने दिवसभरात कोणत्या क्रमाने काय करावे याचा आहे. त्यात पहाटे उठणे, दात घासणे, अभ्यंग म्हणजे सर्वांगाला आणि विशेषतः डोके, कान व पाय यांना तेल लावणे, व्यायाम, उद्वर्तन म्हणजे चूर्णाने अंग चोळणे आणि मग स्नान असा क्रम सांगितलेला आहे. व्यायामाविषयी वाग्भटाने घातलेली मर्यादा अत्यंत महत्त्वाची आहे. स्निग्ध आहार घेणाऱ्या बलवान माणसानेसुद्धा थंडीत आणि वसंतात आपल्या अर्ध्याच शक्तीने व्यायाम करावा आणि इतर ऋतूंत त्याहून कमी करावा, असे तो सांगतो. अति करणाऱ्याला तहान, क्षय, दम, ज्वर असे विकार जडतात, आणि हत्तीला ओढू पाहणारा सिंह जसा नाश पावतो तशी त्याची गत होते, असा दृष्टांतही देतो. शक्ती असूनही ती सारी खर्चू नये, या नियमामागे आरोग्याचा हिशेब आहे तसाच संयमाचा संस्कारही आहे. यालाच येथे मात्रा म्हणावे. मात्रा हा शब्द मराठीत औषधाच्या प्रमाणालाही लावतात आणि अक्षराच्या उच्चाराला लागणाऱ्या कालालाही, आणि दोन्हीकडे त्यात ‘नेमके तेवढेच’ हा भाव आहे.

या अध्यायाची खरी थोरवी मात्र त्याच्या पुढच्या भागात आहे. स्नानाचे नियम संपतात न संपतात तोच वाग्भट सांगतो की सर्व प्राण्यांच्या सर्व प्रवृत्ती सुखासाठीच असतात आणि धर्मावाचून सुख नाही, म्हणून माणसाने धर्मपरायण व्हावे. त्यानंतर हिंसा, चोरी, चहाडी, कठोर बोलणे, लोभ इत्यादी काया, वाचा आणि मन यांनी घडणारी दहा पापे टाळण्याचा उपदेश येतो, आणि पाठोपाठ निर्वाहाचे साधन नसलेले, रोगी व शोकग्रस्त यांना यथाशक्ति साहाय्य करावे आणि किड्यामुंगीलाही आपल्यासारखेच मानावे असे सांगितले जाते. तेल, व्यायाम, स्नान आणि करुणा यांचे वर्णन वैद्याने एकाच अध्यायात, एकाच दिनक्रमाचे भाग म्हणून केले आहे. सुखाची इच्छा स्वाभाविक मानून वाग्भट तिला धर्माकडे वळवतो आणि त्या वळणावर दुसऱ्याचा देह उभा आहे याची आठवण करून देतो. या ग्रंथाचा महाराष्ट्राशी असलेला एक संबंध येथे नोंदवण्यासारखा आहे. देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातील मंत्री हेमाद्री, ज्याला मराठी लोक हेमाडपंत म्हणून ओळखतात, त्याने अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन ही टीका लिहिली, आणि व्रते व दाने यांचा प्रचंड संग्रह असलेला चतुर्वर्गचिंतामणी हा ग्रंथही त्याच्याच नावावर आहे. व्रताचा आणि पथ्याचा विचार त्या काळी एकाच विद्वानाच्या अभ्यासात सुखाने नांदू शकत होता, याचा हा पुरावा आहे.

बौद्ध परंपरेने हाच प्रश्न संन्यासाच्या बाजूने तपासला, आणि म्हणून तिची साक्ष विशेष मोलाची आहे. कठोर तपाने देह झिजवून पाहिल्यावर बुद्धाने कामसुखात बुडणे आणि देहाला क्लेश देणे ही दोन्ही टोके सोडून मध्यम मार्ग सांगितला, हे सर्वविदित आहे. कमी परिचित अशी गोष्ट ही की जीवक या वैद्याच्या सूचनेवरून बुद्धाने भिक्षूंना चंक्रमण, म्हणजे ठरलेल्या जागेवर येरझारा घालण्याचा व्यायाम, आणि जंताघर, म्हणजे अग्नीच्या उष्णतेने घाम काढण्याचे स्नानगृह, यांची अनुमती दिल्याचे विनयपिटकात नोंदलेले आहे. त्याच पिटकात अतिसाराने पीडित होऊन आपल्याच मलमूत्रात पडलेल्या एका भिक्षूची कथा आहे. बुद्धाने आनंदाच्या मदतीने त्याला स्वतः धुतले, अंथरुणावर निजवले आणि ज्यांना आपली सेवा करायची असेल त्यांनी आजाऱ्याची सेवा करावी असे संघाला बजावले. सर्वसंगपरित्याग केलेल्यांच्या जीवनातही देहाची काळजी उरते आणि ती परस्परांनी घ्यायची असते, हा या कथेचा आशय आहे. मुंबईजवळच्या कान्हेरीच्या लेण्यांत भिक्षूंच्या निवासांबरोबर दगडी ओटे आणि पाण्याची टाकी कोरलेली असून शिलालेखांत त्या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. ही टाकी आणि लेणी व्यापारी, सोनार अशा गृहस्थांनी आणि स्त्रियांनी दान म्हणून कोरवून घेतली होती. ज्याला आपण कधी पाहणारही नाही अशा एखाद्या भिक्षूची तहान भागावी म्हणून खडक फोडून पाणी साठवणे, हे त्या गृहस्थांच्या लेखी पुण्यकर्म होते.

राजवैभवाच्या बाजूने पाहायचे तर कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासाकडे वळावे लागते. या राजाची सत्ता आजच्या कर्नाटकाप्रमाणे महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर होती आणि त्याच्या या संस्कृत ग्रंथात मराठी गीतांचे जुने नमुनेही सापडतात. ग्रंथाचे वीस वीस अध्यायांचे पाच भाग असून त्यांना विंशती म्हणतात. तिसऱ्या विंशतीत गृह, स्नान, विलेपन, वस्त्र, अन्न, पादाभ्यंग, शय्या असे उपभोग सांगितले आहेत, आणि चौथ्या विंशतीतील विनोदांत, म्हणजे मन रमवणाऱ्या कार्यक्रमांत, मल्लविनोद हे स्वतंत्र प्रकरण असून त्यात मल्लांचे वय व बळ यांनुसार पडणारे प्रकार, त्यांचा आहार आणि सराव यांची चर्चा आहे. पाचवी विंशती क्रीडांची आहे. एखाद्या भोगवादी ग्रंथाची ही रचना वाटावी. परंतु या साऱ्याच्या आधी येणारी पहिली विंशती असत्य टाळणे, परद्रोह न करणे, दान देणे, शरणागताचे रक्षण करणे आणि दीन, अनाथ, आर्त व सेवक यांचे पोषण करणे या कर्तव्यांची आहे. अनाथाचे पोषण आधी आणि मऊ शय्या नंतर, हा क्रम ग्रंथकर्त्या राजाने स्वतःच घालून घेतलेला आहे. त्याच्या राज्यात तो क्रम प्रत्यक्ष किती पाळला गेला हा वेगळा प्रश्न होय. तथापि उपभोगाला पात्रता लागते आणि ती दुसऱ्याच्या पोषणातून येते, हे तत्त्व त्याने ग्रंथाच्या बांधणीतच रोवले.

शास्त्रातील हे तत्त्व सामान्य घरात उतरले ते सणांच्या आणि रीतींच्या रूपाने. आश्विन वद्य चतुर्दशीला, म्हणजे नरकचतुर्दशीला, सूर्योदयापूर्वी तेल आणि उटणे लावून ऊन पाण्याने अभ्यंगस्नान करावे आणि जो ते करणार नाही तो नरकात जाईल, अशी समजूत महाराष्ट्रातील घराघरांत होती. थंडीला तोंड फुटण्याच्या दिवसांत त्वचेला तेल लागावे हे वैद्यकाचे सांगणे आहे, पण लोकधर्माने त्याला आज्ञेचे बळ दिले. एरवी सुख टाळण्याची शिकवण देणारा धर्म येथे सुख घेतलेच पाहिजे असे बजावतो, आणि ज्या घरी वर्षभर तेल अंगाला लागणे दुर्मीळ, त्या घरच्या पोरालाही निदान त्या पहाटे आईच्या हातचे तेल लागावे अशी व्यवस्था करतो. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि अनेक भाज्यांची मिसळ, संक्रांतीला तिळगूळ, पाडव्याला कडुलिंबाची पाने या साऱ्या रीतींत ऋतूचे पथ्य आहे, आणि तिळगूळ तर स्वतः खाण्याआधी शेजाऱ्याच्या हातावर ठेवायचा पदार्थ आहे. बाळंतिणीला सव्वा महिना बाजेवर विश्रांती, खाली शेगडीचा शेक, ओवा-वावडिंगाची धुरी, तेलाचे मालीश आणि डिंक-आळिवाचा खुराक मिळावा हा संकेतही असाच होता, आणि तो पाळण्यासाठी माहेर, सुईण व शेजारीण यांची साखळी उभी राहत असे. आजीच्या बटव्यातील वेखंड, जायफळ, सुंठ, बाळहिरडा ही द्रव्ये सहाणेवर उगाळून दिली जात ती केवळ स्वतःच्या नातवंडाला नव्हे. आळीत कोणाचेही मूल रडू लागले की तो बटवा उघडत असे.

खेळाच्या बाबतीत संतांनी घेतलेली दृष्टी याहूनही धीट आहे. एकनाथ आणि तुकाराम यांच्या रचनांत फुगडी, हमामा, टिपरी, चेंडूफळी असे मुलांचे आणि गुराख्यांचे खेळ परमार्थाची रूपके म्हणून येतात. हे खेळ वेदान्त सांगण्यास अपुरे किंवा हलके आहेत असे संतांना वाटले नाही, यामागे कृष्णचरित्राची प्रेरणा आहे. देव गोपाळांबरोबर खेळतो, हरतो आणि आपली शिदोरी त्यांच्या शिदोऱ्यांत मिसळून सर्वांना वाटतो, ही कथा वारकरी संप्रदायाने काल्याच्या रूपाने आपल्या उपासनेच्या केंद्रस्थानी ठेवली. काला म्हणजे कालवणे, मिसळणे. हरिनाम सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते आणि आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळ गोपाळपुरात गोपाळकाला होतो. वारीच्या वाटेवरील रिंगणात कित्येक दिवस चाललेले वारकरी फुगड्या घालतात आणि हुतुतू खेळतात, तेव्हा वय, पेशा आणि मानपान काही काळ गळून पडतात. हुतुतूच्या संजीवनी या प्रकारात बाद झालेला, म्हणजे खेळाच्या भाषेत ‘मेलेला’ गडी आपल्या पक्षाने प्रतिपक्षाचा गडी मारला की पुन्हा ‘जिवंत’ होतो. एकाचा पराक्रम दुसऱ्याला जीवन देतो, हा नियम सामुदायिक खेळाचे मर्म सांगणारा आहे. श्रावणातील मंगळागौरीच्या जागरणात झिम्मा, फुगडी, पिंगा घालणाऱ्या नवविवाहितांनाही पूजेच्या निमित्ताने जे मोकळे हसणे आणि शरीराला जो व्यायाम मिळे, तो एरवीच्या सासुरवासात मिळणे कठीण होते. येथेही देहाच्या आनंदाला धर्माने छत्र दिले.

बलोपासनेची, म्हणजे शरीरबळाला ईश्वरी देणगी मानून ते वाढवण्याची, परंपरा रामदासांच्या नावाशी जोडलेली आहे. आजच्या सातारा, सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांत पसरलेले चाफळ, मसूर, उंब्रज, शहापूर, शिराळे, बहे-बोरगाव इत्यादी ठिकाणचे अकरा मारुती या परंपरेची स्थाने होत, आणि तालमीच्या भिंतीत कोनाड्यातला मारुती असणे हा महाराष्ट्रभरचा संकेत झाला. तालमीचा हौद, म्हणजे कुस्तीची जागा, तांबड्या मातीचा असतो आणि तीत ताक, तेल, हळद, लिंबू मिसळून ती मऊ राखतात, ज्यामुळे पडणाऱ्याला इजा कमी होते. पैलवान मातीला हात लावून तो कपाळाला नेतो आणि मगच उतरतो. ज्या मातीत प्रतिस्पर्ध्याला पाडायचे, ती मातीच त्याला लागू नये म्हणून आधी मऊ करायची, यात शक्ती आणि दया यांचा दुर्मीळ मेळ आहे. जोर, बैठका आणि जोडीदाराबरोबरची लढत या मेहनतीत वस्ताद आपल्या पठ्ठ्याची ताकद पाहून प्रमाण ठरवतो, म्हणजे वाग्भटाची मात्रा तेथे नित्य पाळली जाते. गावच्या जत्रेत कुस्त्यांच्या फडाची सुरुवात पोरांच्या रेवड्यांवरच्या आणि नारळाच्या कुस्त्यांनी होई, कारण मोठ्या इनामाच्या लढतीआधी लहानग्यालाही मातीत उतरण्याचा मान मिळावा असा त्यामागे भाव होता.

तालीम हा शब्द मुळात अरबी असून त्याचा अर्थ शिक्षण असा आहे, आणि वस्ताद हा उस्तादाचा अपभ्रंश आहे. जेथे मारुतीची पूजा होते त्या जागेचे आणि तेथील गुरूचे नाव परधर्मीयांच्या भाषेतून येते आणि कोणालाही खटकत नाही. कोल्हापुरातील कित्येक तालमींत गणपती आणि मोहरमचे पंजे दोन्ही बसतात. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये त्याच नगरात खासबाग मैदान उभारले, त्याची बैठक अशी उतरती ठेवली की कोठेही बसलेल्या प्रेक्षकाला आखाडा दिसावा. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे (१७९४–१८८१) यांच्या तालमीत तरुण जोतीराव फुले यांनी दांडपट्टा आणि नेमबाजीचे शिक्षण घेतले. मातंग समाजातील गुरूच्या हाताखाली माळी समाजातील शिष्य शिकला. पाठशाळेने जे नाकारले ते तालमीने दिले.

हे सारे मान्य करूनही गतकाळाचे चित्र येथेच पूर्ण करणे म्हणजे सत्याचा अपलाप होईल. अभ्यंगाचे पाणी ज्या विहिरीवरून येई, त्या विहिरीवर समाजाच्या एका मोठ्या भागाला पाय ठेवता येत नव्हता. घरातील सर्वांना सुखाने जेवू घालणारी स्त्री स्वतः शेवटी उरलेले खाई, पहाटे जात्यावर दळी आणि पाणी भरी. तिच्या व्यायामाला कोणी व्यायाम म्हटले नाही आणि तिच्या विश्रांतीसाठी बाळंतपण यावे लागे. तालमीचे दारही तिला बंद होते. मात्रेचा विचार परंपरेने सूक्ष्मपणे केला, वाटा देण्याचा विचार मात्र जातीच्या आणि लिंगाच्या कुंपणापाशी थांबवला, हा त्या व्यवस्थेचा गंभीर दोष आहे. तो केवळ सामाजिक दोष आहे असे मानून चालणार नाही. परंपरेच्याच कसोटीने पाहिले तर तो धर्माचा दोष ठरतो, कारण वाग्भटाच्या दिनचर्येत रोग्याचे साहाय्य स्नानाइतकेच अनिवार्य आहे, विनयपिटकात आजाऱ्याची सेवा हीच बुद्धाची सेवा आहे आणि काल्यात कोणाचीही शिदोरी वेगळी राहत नाही. म्हणूनच जोतीरावांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा धर्माने सांगितलेले पण धर्माच्या नावाने अडवलेले एक जुने कर्तव्य प्रत्यक्षात आले, असे म्हणणे यथार्थ होईल.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. देहसुख ही धर्माने दिलेली सवलत नाही. दोन अटी पुऱ्या झाल्या की ते धर्माचे अंगच असते. पहिली अट मात्रेची: शक्ती, अन्न, निद्रा, करमणूक या सर्वांत आपल्या देहाला झेपेल आणि मनाला बांधणार नाही एवढेच घेणे. दुसरी अट वाट्याची: जे सुख आपल्याला मिळते ते शेजाऱ्याच्या, सेवकाच्या, आजाऱ्याच्या आणि अनोळखी वाटसरूच्या देहालाही मिळावे यासाठी झटणे. मात्रा सुटली की भोग होतो आणि वाटा सुटला की तेच आरोग्य स्वार्थ बनते, मग त्याच्याभोवती पूजा, व्रत आणि मंत्र कितीही असोत. आजच्या वाचकाने जुन्या रीतींतून काही उचलायचे असेल तर या दोन अटी एकत्रच उचलाव्यात. पहाटेच्या तेलाबरोबर वाग्भटाचा पुढचा श्लोकार्थही पाळावा, व्यायामाबरोबर आळीतील आजाऱ्याची चौकशीही करावी आणि आपल्या घरी पाणी येते तेव्हा ते गावाच्या शेवटच्या घरी पोहोचते का हे पाहावे. तालमीच्या मातीत एकट्याने जोर मारता येतात, बैठका काढता येतात. कुस्तीला मात्र समोर दुसरा माणूस लागतो, आणि तो मातीत उतरू शकेल इतका सुदृढ असावा लागतो.